पाऊस असेल तर चंद्र धरायचा नाही

काकूंच्या फ्रीजमधल्या वरणाच्या डब्यालाही लेबल असायचं. पांढऱ्या कागदाचा चौकोन, त्यावर काळ्या शाईतलं बारीक, सरळ अक्षर:

"वरण, तुरीचं. कुठे मिळालं: मागची शेगडी. कोणी गोळा केलं: मी. शेरा: हिंग कमी पडला."

अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात वाळलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे. काकू तिथे सत्तावीस वर्षं कामाला होत्या. कुठकुठून आलेल्या फांद्या, पानं, फुलं जाड कागदावर चिकटवायची आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल लावायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर झाडं संपली, पण हात थांबला नाही. "गोळा करणाऱ्याचं नाव नसेल, तर ते नुसतं वाळलेलं गवत," असं त्या म्हणायच्या, आणि हा न्याय त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला लावला होता.

मराठी मंडळाच्या गणपतीला सगळ्यांनी एकेक पदार्थ आणला, तेव्हा काकूंनी चव घेऊन प्रत्येक भांड्याला लेबल लावलं. बटाट्याच्या भाजीला शेरा होता, "मीठ दोनदा पडलं आहे." पुढच्या वर्षी मंडळानं त्यांना फक्त पेपर प्लेट आणायला सांगितलं. त्यांनी प्लेटच्या गठ्ठ्याला लेबल लावलं: "शेरा: रिकाम्या."

मी त्यांच्या तळघरातल्या खोलीत राहायला आलो तो दोन हजार चारच्या जानेवारीत. मी जिंतूरचा. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावाचा, आणि मग स्कॉलरशिप मिळून मी थेट मिशिगनच्या बर्फात. अंगात पुण्याहून घेतलेला कोट होता. पहिल्याच सकाळी तो खुंटीवर दिसला तेव्हा त्याला चिठ्ठी टाचलेली होती: "कोट, पुरुषाचा. शेरा: या थंडीला पुरणार नाही." शेजारच्या खुंटीवर काकांचा, म्हणजे काकूंच्या दिवंगत यजमानांचा, जाड लोकरी कोट होता. त्यावर लेबल नव्हतं. मी तो चार हिवाळे वापरला. थँक यू म्हणायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मला थँक यू नको. रविवारी सकाळी दहाला मोकळा असतोस का?"

"असतो."

"पत्ते खेळता येतात?"

इथे माझी पंचाईत झाली. आमच्या घरी पत्ते म्हणजे जुगार. एका चुलत्यानं पत्त्यात सायकल घालवली होती, तीही दुसऱ्याची. निघताना आईनं मला देवासमोर उभं करून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या: दारू नाही आणि पत्ते नाहीत. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी खणातून एक लहान पेटी काढून माझ्यासमोर उघडली. काडेपेटीएवढे लहान, जाड पत्ते, काळ्या पाठीचे. उलटले की लाल, पिवळी, जांभळी फुलं.

"यात राजा दिसतो? राणी? इस्पिक, बदाम?"

"नाही."

"मग? ही फुलं आहेत. जपानी. तुझ्या आईनं फुलांना नाही म्हटलंय का?"

त्या रविवारी मी फोन कार्ड खरवडून आईला विचारलं. ती म्हणाली, "फुलं असू दे बाबा. पण हरणं-जिंकणं असतंच ना?"

"असतं."

"मग हरत जा. म्हातारं माणूस आहे ते."

आईचा हा सल्ला मला कधी मुद्दाम पाळावा लागला नाही.

"पत्ते अठ्ठेचाळीस, महिने बारा," काकू शिकवायच्या. "प्रत्येक महिन्याचं एक झाड आणि प्रत्येक झाडाचे चार पत्ते. आठ तुझ्या हातात, आठ माझ्या, आठ टेबलावर उघडे. तुझ्या हातातलं झाड टेबलावर दिसलं की त्याच्यावर मारायचं आणि दोन्ही उचलायचे. नसेल तर एक पत्ता टाकून द्यायचा. मग गठ्ठ्यातला वरचा उलटायचा, त्यालाही हाच नियम. यात अवघड काय आहे?"

अवघड हे होतं की पत्त्यांवर आकडा नाही, अक्षर नाही. मी आकड्यांवर वाढलेला मुलगा. मला बैठक क्रमांक, मार्क, टक्के समजतात. पिओनी आणि आयरिस ही फुलं समजत नाहीत. मी वही काढली. घरभर लेबलं लावणाऱ्या काकूंनी ती बंद करून बाजूला ठेवली. "झाड ओळखायला वही लागते होय? बघ त्याच्याकडे." एप्रिलचा पत्ता मी कायम उलटा धरायचो. "ही वेल आहे. वेल खाली लोंबते. आकाशाकडे लोंबणारी वेल पाहिलीस का जिंतुरात?"

चित्रकारावर त्यांचा राग होता. सप्टेंबरच्या शेवंतीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "या माणसानं शेवंती कधी हातात धरलेली नाही. पाकळ्या मोज." मी खरंच मोजायला लागलो की त्या तेवढ्यात माझ्यासमोरचा हरणाचा पत्ता उचलून न्यायच्या.

पत्ते गोळा करून काही ठरावीक जोड्या जमवायच्या, त्याला गुण. रानडुक्कर, हरीण आणि फुलपाखरू एकत्र आले की पाच. पण काकूंचा जीव एकाच जोडीवर. ऑगस्टच्या एका पत्त्यावर काळं गवताळ टेकाड आणि त्यावर मोठा पांढरा चंद्र. शेवंतीच्या एका पत्त्यावर लाल पेला. चंद्र आणि पेला दोन्ही मिळाले की पाच गुण. चांदण्यात बसून प्यायल्याचे. त्या पेल्यात जपान्यांची दारू असते, हे काकूंना ठाऊक होतं, पण त्यांच्या घरात या जोडीचं नाव एकच होतं: कोजागरी.

"कोजागरी. पाच," असं त्या म्हणायच्या आणि दोन्ही पत्ते टेबलावर टक्कन वाजवायच्या.

जोड जमली की दोन वाटा. तिथेच थांबून गुण घ्यायचे, किंवा 'कोई-कोई' म्हणायचं, म्हणजे 'ये, ये', आणि आणखी जोड्यांसाठी खेळत राहायचं. पण मग समोरच्याची जोड आधी झाली तर आपलं सगळं गेलं आणि त्याला दुप्पट. मी दर वेळी थांबायचो. "तू पहिला स्टॉप आला की उतरतोस," काकू म्हणायच्या. "बस पुढे जाते रे."

तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझ्याकडे पहिल्यांदा चंद्र आणि पेला आला. मी आनंदानं म्हटलं, "कोजागरी, पाच."

काकूंनी माझ्या उचललेल्या पत्त्यांतून एक पुढे सरकवला. नोव्हेंबरचं विलोचं झाड, पाऊस, छत्री घेतलेला एक माणूस आणि त्याच्या पायाशी उडी मारणारा बेडूक. "हा तुझ्याकडे आहे. पाऊस असेल तर चंद्र धरायचा नाही."

"असा नियम आहे?"

काकू मग उठल्या आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवायला लागल्या. नळ चालू ठेवूनच म्हणाल्या, "होता."

त्यांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक जपानी बाई राहायच्या. अमेरिकन सैनिकाशी लग्न करून फार वर्षांपूर्वी आलेल्या, आता एकट्या. ठेंगण्या, डोक्यावर नवऱ्याची जुनी बेसबॉलची टोपी, आणि गवत कापायचं मशीन स्वतः खोलून दुरुस्त करणाऱ्या. काकू त्यांना 'समोरची' म्हणायच्या. हा खेळ त्यांनीच काकूंना शिकवला होता, आणि वीसहून जास्त वर्षं दर रविवारी दहा वाजता दोघी खेळत होत्या. दोघींचंही इंग्रजी स्वतःपुरतं होतं. समोरच्या बाईंना मराठीतले तीन शब्द येत होते: 'अगं', 'बास' आणि 'कोजागरी'. कोजागरीला काकू मागच्या पोर्चमध्ये दूध आटवून न्यायच्या आणि बाई तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे आणायच्या. "गूळ विसरलेले मोदक," असं काकूंचं त्याबद्दल मत.

मी येण्याआधी तीन महिने, ऑक्टोबरात, दोघींचं बोलणं बंद झालं होतं. मी बाईंच्या जागी आलेला खेळाडू होतो, हे मला तेव्हा कळलं.

भांडण काकूंनी मला हप्त्याहप्त्यानं सांगितलं. त्या रविवारी बाईंकडे चंद्र, पेला आणि पाऊस असे तिन्ही आले. बाई म्हणाल्या, कोजागरी, पाच. काकू म्हणाल्या, पाऊस आहे. बाई म्हणाल्या, "असा नियमच नाही. तो मी केला होता. पहिल्या दिवशी."

"म्हणजे काय रे?" काकू मला विचारत होत्या, जणू मीच तो नियम केला होता. "पहिल्या दिवशी माझ्याकडे चंद्र होता, पेला होता. ही म्हणाली, पाऊस आहे, चालणार नाही. मी मान्य केलं. तिचा खेळ, तिचा देश. त्यानंतर प्रत्येक वेळी पाऊस आला की मी चंद्र सोडून दिला. वीस वर्षं. किती चंद्र गेले माझे, विचार कर."

मी विचार केला. "काकू, त्यांचेही गेलेच असतील की."

"तिला माहीत होतं. माझे न कळत गेले."

राग खरा होता, पण तोही शिस्तीतला. बर्फ पडला की मला हातात फावडं देऊन त्या सांगायच्या, "आधी समोरच्या ड्राइव्ह-वेवरचा काढ. भांडण माझं आहे, बर्फाचं नाही." मी काढायचो. बाई दारातून एक संत्रं द्यायच्या आणि विचारायच्या, "ती बरी आहे ना?" परत आलो की काकू माझ्या हातातल्या संत्र्याकडे बघायच्या. "काय म्हणाली?" "बऱ्या आहात का विचारलं." "आणि तू काय सांगितलंस?" "बऱ्या आहेत म्हणून." "एवढं कशाला सांगायचं?" आणि संत्र्यातलं अर्धं मागून घ्यायच्या.

मार्चमध्ये समोरच्या घरापुढे 'विकणे आहे'ची पाटी लागली. काकूंनी ती खिडकीतून पाहिली. त्या रविवारी आम्ही खेळलो नाही. त्यांनी मसाल्याच्या डब्यांची सगळी लेबलं काढून नवी लिहिली. मोहरीच्या लेबलावर 'मोहरी' एवढंच होतं. शेरा नव्हता.

पुढच्या बर्फाला, शेवटच्याच, मी बाईंना पाटीबद्दल विचारलं. बाई पायरीवर बसल्या.

"मुलगा कॅलिफोर्नियाला, क्युपर्टिनोत असतो. मे महिन्यात नेणार आहे. मला हे तिला त्या दिवशीच सांगायचं होतं. पण आधी नियमाचं सांगावं म्हटलं. ते जास्त जड होतं ना. ते सांगितलं आणि ती भांडी घासायला गेली. अर्धा तास घासत होती. दुसरं सांगायचं राहिलं."

"पण तो नियम तुम्ही केलातच का?"

बाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तिला शिकून अर्धा तास झाला नव्हता आणि ती जिंकत होती. मी काय करणार होते?"

आता यात मी काय करावं, हे मला कळेना. दोन्ही घरांचे माझ्यावर उपकार. एका घराचा कोट अंगात आणि दुसऱ्या घराचं संत्रं खिशात. शाळेत आम्हाला एक शिकवलं होतं, की उत्तर येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारावं. माझ्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर एक जपानी मुलगा बसायचा. एप्रिलमध्ये एका दुपारी मी त्याला सरळ विचारलं, पाऊस असेल तर चंद्र धरतात का?

त्यानं हातातलं काम थांबवलं. "कुणाच्या घरी?"

"म्हणजे?"

"माझ्या आजीच्या घरी नाही धरत. पाऊस असला की चंद्र दिसत नाही, गुण नाहीत. मामाच्या घरी धरतात. खेळायच्या आधी ठरवायचं असतं, नाहीतर भांडणं होतात. फार भांडणं होतात."

मी त्या दिवशी बसची वाट न पाहता चालत घरी आलो. काकू टेबलाशी बसून सेलोटेपच्या रिळाला लेबल लावत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

काकूंनी रीळ खाली ठेवलं. "म्हणजे ती खोटं बोलली नाही."

"बोलल्या खोटंच. पण ते खरं निघालं."

"आणि ऑक्टोबरात जे खरं म्हणून सांगितलं, ते खोटं."

"पूर्ण खोटं नाही. मामाच्या घरी—"

"मामा राहू दे. तिला माहीत आहे का हे?"

"नाही."

"मग जाऊन सांग."

"तुम्ही सांगा ना काकू."

"मी का? मी फसवली गेलेली आहे."

"आता नाही ना."

 काकू उठल्या, पण समोर गेल्या नाहीत. जिना चढून झोपायच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मग मीच रस्ता ओलांडला.

बाईंनी ऐकून घेतलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या.

"म्हणजे मी वीस वर्षं उगाच लाजले?"

मग त्यांनी आत जाऊन संत्रं आणलं. या वेळी दोन आणली. "एक तिला. अर्धं नको, पूर्ण दे."

त्या संत्र्यावर काकूंनी लेबल लावलं नाही. सोलून पूर्ण खाल्लं, बिया काढून एका रांगेत लावल्या, आणि पुन्हा पत्ते पिसायला लागल्या. पण दोन आठवडे तसेच गेले. समोर ट्रकवाले येऊन मोजमाप घेऊन गेले. काकू खिडकीशी उभ्या राहायच्या आणि कुणी पाहिलं की पडदा झटकायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, शनिवारी त्यांचा ट्रक आहे." त्या म्हणाल्या, "माझे डोळे आहेत."

ट्रकच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना, काकू पातेलं घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. अंगात रेशमी साडी, तिच्यावर स्वेटर. "पेटी घे पत्त्यांची. आणि हे दूध धर, माझ्यानं रस्ता ओलांडताना सांडेल."

"दूध?"

"आटवलंय. केशर घातलंय."

"मे महिन्यात?"

"कोजागरीला ती इथे असणार नाही," काकू म्हणाल्या.

बाईंनी दार उघडलं. घरभर खोकी. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं." एवढंच. काकूही "हं" म्हणाल्या आणि आत गेल्या. सात महिन्यांचं भांडण दोन अक्षरांत संपलेलं मी पातेलं धरून पाहिलं.

टेबल ट्रकसाठी बांधलेलं होतं. दोन खोक्यांवर एक फळी टाकून त्या खेळायला बसल्या. पत्ते वाटण्याआधी बाईंनी विचारलं, "पाऊस असेल तर?"

"धरायचा नाही," काकू म्हणाल्या. "तूच केलेला नियम आहे."

अकरा डाव झाले. त्या खेळताना बोलत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्याशी खेळताना काकूंचं तोंड थांबायचं नाही. इथे फक्त पत्त्यांचा टकटक आवाज आणि अधूनमधून बाईंचं "बास". बाराव्या डावात काकूंनी आधी पेला उचलला. मग गठ्ठ्यातून पत्ता उलटला तर पावसातला माणूस, आणि विलोची फांदी खाली उघडीच होती. नियमानं उचलावा लागला. त्यानंतरच्या हाताला चंद्र आला. तिन्ही पत्ते त्यांच्यासमोर पडले होते. काकूंनी ते पाहिले आणि हातातला पुढचा पत्ता टाकायला निघाल्या.

"थांब," बाई म्हणाल्या. "कोजागरी. पाच."

"पाऊस आहे."

बाई पुढे वाकल्या. काकूंच्या पत्त्यांतून त्यांनी छत्रीवाला माणूस उचलला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि शर्टाच्या खिशात टाकून वरून बटण लावलं.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पाच गुण घेतले. मग दूध झालं. गूळ विसरलेले मोदकही होते.

शनिवारी ट्रक गेला. बटण काही बाईंनी उघडलं नव्हतं. आता आमच्या पेटीत सत्तेचाळीस पत्ते. एखादा पत्ता हरवला तर उपयोगी पडावा म्हणून त्या पेटीत एक कोरा पत्ता जास्तीचा असतो. काकूंनी तो काढला, त्यावर बेतून कागद कापला, चिकटवला आणि बारीक अक्षरात लिहिलं. मला वाटलं, त्या माणूस काढतील, निदान छत्री. त्यांनी लेबल लावलं होतं.

पुढच्या रविवारी दहाला आम्ही बसलो. माझं नशीब त्या दिवशी चांगलं होतं. पेला आला, चंद्र आला, आणि त्याआधीच तो लेबलवाला पत्ताही माझ्याकडे आला होता. शिकवलेलं पाळणारा मुलगा मी. मी चंद्र बाजूला सारला आणि म्हटलं, "पाऊस आहे. धरत नाही."

"तुला वाचता येतं ना?" काकू म्हणाल्या. "एवढा शिकलास. वाच की."

मी पत्ता उचलून वाचला. "पावसातला माणूस. ठिकाण: कॅलिफोर्निया. कोणी गोळा केलं: समोरची. शेरा: आकाश निरभ्र."

"मग?" काकू म्हणाल्या. "मांड पाच."